मायेचा आग्रह आणि मुदतीचा हिशेब

आमच्या नगर जिल्ह्यांतील पुष्कळ सुशिक्षित घरांतला एखादा पुतण्या वा भाचा आज अमेरिकेंत असतो. त्यास तेथें कायम राहण्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळाला कीं घरीं पेढे वांटतात व आतां काळजी मिटली असें मानतात. वस्तुतः खरी दक्षता तेथूनच सुरू होते.

गेल्या वर्षीं आमचे वडीलबंधू अंथरुणास खिळले, तेव्हां त्यांचा मुलगा तिकडून धांवत आला. पांच महिने त्यानें मनोभावें शुश्रूषा केली व मग तो परत निघाला. घरांत कित्येकांस हा निष्ठुरपणा वाटला. मला तसें वाटलें नाहीं. आतां रात्रीची पाळी माझ्याकडे असते.

तेथील नागरिकत्वासाठीं सामान्यतः पांच वर्षांचें अखंड वास्तव्य लागतें, आणि त्यांतील निदान तीस महिने प्रत्यक्ष त्या देशांत काढलेले असावे लागतात. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ही अखंडता तुटली असें गृहीत धरतात. तुटली नाहीं हें अर्जदारानें सिद्ध करावयाचें. वर्ष उलटलें तर ती बहुधा तुटतेच. निघण्यापूर्वींच पुनःप्रवेशाची परवानगी मागितली, तर वास्तव्याचा हक्क राखण्यास मदत होते. नागरिकत्वाची मोजणी मात्र तेवढ्यानें वांचत नाहीं. हा भेद न कळल्यामुळें माणसें फसतात.

लहान खळगेही आहेत. बिऱ्हाड बदलल्यास दहा दिवसांत सरकारास कळवावें लागतें. मोटार चालविण्याच्या परवान्याच्या अर्जांतच बहुधा मतदार-नोंदणीचा प्रश्न असतो. तेथें अनवधानानें आपण नागरिक असल्याची खूण करून पुढें मत दिलें, तर हद्दपारीपर्यंत पाळी येऊं शकते. इकडे आपल्या शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. जुन्या जन्मदाखल्यावर अहमदनगर असल्यास नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जवळ असावी.

एकेकाळीं हा मार्गच आपणांस बंद होता. सखाराम गणेश पंडित हे १९१४ सालीं कॅलिफोर्नियांत अमेरिकन नागरिक झाले व पुढें वकिली करूं लागले. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत ते थिंड यांचे वकील होते. त्यांत १९२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें भारतीयांस नागरिकत्वास अपात्र ठरविलें, आणि खुद्द पंडितांचें नागरिकत्व काढून घेण्यास सरकार सरसावलें. १९२६ सालीं अपिलांत तें टिकलें. इतरांस दार उघडलें तें १९४६ च्या कायद्यानें.

आज तोच हक्क अटी पाळून मिळतो. मग त्या अटींची जाण घरच्यांनींही ठेवावयास नको काय? परदेशाचें नागरिकत्व घेतांच १९५५ च्या आपल्या कायद्याप्रमाणें भारताचें नागरिकत्व संपतें, हेंही आईबापांनीं आधींच समजून घ्यावें. मुलास 'आणखी दोन महिने राहा' असें म्हणण्यापूर्वीं त्याच्या मुदतीची तारीख विचारावी. मायेनें केलेला आग्रह कायद्यापुढें सबब म्हणून चालत नाहीं.