टेंभुर्णीत बघायला आहे काय?

टेंभुर्णी, दिवाळीच्या तोंडावर

चि. ताईस,


लेकरं सुट्टीत इकडे यायची म्हणतात आणि वर विचारतात, ‘तिथं बघायला आहे काय?’ पुण्यात टेंभुर्णी म्हटलं की लोक सोलापूर रस्त्याला लागतात, थेट माढा तालुक्यात. ही टेंभुर्णी जाफ्राबाद तालुक्यातली, जालना जिल्ह्याच्या वरच्या अंगाची. इथं वॉटरपार्क नाही, मॉल नाही. पैसे उडवायचे म्हटले तरी जागा सापडायची नाही, आणि चार पोरांना घेऊन येणाऱ्या घराला तेवढं तरी बरंच.

खर्च काय तो एसटीचा. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. म्हणजे तुझी आजी फुकटात, तू अर्ध्यात. जावईबापूंनी तेवढं पूर्ण तिकीट काढावं.

पहिला दिवस राजूरचा. साडेतीन गणेशपीठांतलं एक पूर्ण पीठ म्हणून राजुरेश्वराला मान आहे. अंगारकीला मात्र लेकरं घेऊन जाऊ नये. त्या दिवशी जालन्याहून लोक रात्रभर पायी चालत येतात आणि दर्शनाच्या रांगेतच अर्धा दिवस जातो.

खरं बघायचं ते असईला. भोकरदन आणि जाफ्राबादच्या मधल्या पट्ट्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 ला इथं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि शंभरावर तोफा नदीपलीकडे तयार, आणि वाटाडे सांगत होते की इथं उतार नाही. वेलस्लीनं दुर्बीण लावली. अलीकडे पिंपळगाव, पलीकडे समोरासमोर आणखी एक गाव, इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘वारूर’ असं पडलंय. त्यानं ताडलं की इतक्या जवळ, नदीच्या दोन काठांवर दोन गावं वसली म्हणजे माणसं इकडून तिकडे जात असणारच. तसंच निघालं. फौज पाण्यातून पार झाली.

लेकरांना काठावर उभं करावं आणि तोफा कुठून सुटल्या असतील ते त्यांनाच ओळखायला लावावं. इंग्रजांची जिंकूनही सुमारे सोळाशे माणसं मेली, जखमी झाली. मराठ्यांच्या 98 तोफा गेल्या. वेलस्लीचे दोन घोडे त्या दिवशी खर्ची पडले, एकाला गोळी लागली, दुसऱ्याला भाला. वॉटर्लूची गोष्ट शाळेत शिकवतात आणि असई पुस्तकात दोन ओळींत आटोपतात, हा राग आपला जुनाच आहे. शिवाय पुस्तकात नदीचा उतार दिसत नाही. काठावर दिसतो.

परतताना भोकरदन. जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात हे गाव व्यापारानं गजबजलेलं होतं. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर इथल्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. नदीकाठी खडकात खोदलेली लेणी आहेत, पण पोरांना सांगायची गोष्ट वेगळीच. इथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. अगदी तशाच घडणीची मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती, इसवी सन 79 च्या ज्वालामुखीच्या राखेखाली. आता हस्तिदंताच्या बाहुल्या जहाजात बसून कुठवर गेल्या असतील ते पोरांनीच नकाशावर शोधावं.

वेळ उरला तर अन्व्याचं देऊळ. बाहेरच्या भिंतींवर विष्णूची स्त्रीरूपं आहेत, शक्तिरूपं म्हणतात त्यांना. तशी फारशी कुठं बघायला मिळत नाहीत.

एक दिवस हद्दीपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला. जिजाऊंचा जन्म 12 जानेवारी 1598 चा. त्या जन्मल्या तो राजवाडा, मोती तलाव आणि लखुजी जाधवांची भक्कम समाधी सगळं एकाच फेरीत होतं. 2024 मध्ये समाधीजवळ खोदताना शेषशायी विष्णूची जवळपास पावणेदोन मीटर लांबीची मूर्ती निघाली. इतकी वर्षं लोक वरून चालत होते! जिजाऊ जयंतीला गर्दी मावत नाही, दिवाळीत मात्र निवांत फिरता येतं.

अजिंठ्याचा हट्ट झालाच तर सोमवार टाळावा, लेणी बंद असतात. पंधराच्या आतल्या मुलांना तिकीट पडत नाही.

भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी इथून बांधून घेऊ. लेकरांना पाण्यात चालतील अशा चपला आण. आणि हो, आजी मगाचपासून विचारतेय, असईला नदीकाठी टेकून बसायला काही आहे का? तिच्यासाठी जुनी सतरंजी आणि दोन उशा पिशवीत टाकून ठेवते.

तुझी,
मावशी