सहा सेंटिमीटर

गेल्या आषाढात माझ्या उजव्या हाताला कंप सुटला. हात मांडीवर असला की शांत. पेन धरलं, चिमटा धरला, तांब्याची पट्टी ताणून धरली, की सुरू. डॉक्टर म्हणाले, वयाचा आहे, काळजीचं कारण नाही. टेबलावर ईटीडी 49 चं बॉबिन अर्धवट गुंडाळून पडलंय आणि त्यावरचे तीन फेरे राहिलेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. तीनच फेरे. पण ते मी वीस वर्षं घालतोय आणि एकदाही मनासारखे पडलेले नाहीत.

काम कॉम्प्युटरच्या सप्लायचं होतं. गावात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक मुलगा आहे. त्याचं मशीन संध्याकाळी ग्राफिक्स कार्डावर ताण आला की बंद पडायचं. मिरजेच्या आसपास उसाचे पंप सुरू झाले की काही वेळा व्होल्टेज 170 वर येतं, आणि त्याच्या डब्यावर 450 वॉट छापलेलं असलं तरी डबा हातात घेतल्यावर काय ते कळत होतं. मी म्हटलं, तुला 600 वॉटचा करून देतो. 12 व्होल्ट, 50 अँपिअर. 5 आणि 3.3 त्यातूनच छोट्या कन्व्हर्टरवर. पेंटियम 4 आल्यापासून सगळा भार 12 वर सरकलाय, तेव्हा एकाच ट्रान्सफॉर्मरवर 5 आणि 12 दोघांना बांधून ठेवायचं आणि एकाला ओढ लागली की दुसऱ्याने वर उडायचं, हा जुना संसार मला नको होता.

हाफ ब्रिज, टीएल 494, आयआरएफपी 460 ची जोडी. यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखा आहे तो ट्रान्सफॉर्मर.

1988 साली मी स्टॅबिलायझर गुंडाळत होतो. 50 हर्ट्झला शेकडो फेरे. दोन इकडे-तिकडे झाले तरी कुणाला कळत नसे. 50 किलोहर्ट्झला प्रायमरीचे 24 फेरे आणि सेकंडरीचे तीन. अर्धा फेरा नावाची गोष्टच नाही. तीन घातले तर 170 व्होल्टला 12 चे पावणेबारा होतात. चार घातले तर 230 ला डायोडवर उलटं व्होल्टेज 54 च्या पुढे जातं आणि 100 व्होल्टची शॉटकी लावावी लागते. ती चालताना जास्त व्होल्ट खाते, आणि 50 अँपिअरला ते कित्येक वॉट नुसते तापण्यात जातात. तीन फेऱ्यांना उलटं व्होल्टेज 40 च्या आसपास, 60 ची शॉटकी पुरायला हवी. पुरत नाही, कारण मधे काटा येतो.

काटा म्हणजे स्कोपवर चौकोनी लहरीच्या खांद्यावर उभा राहणारा तो बारीक सुळका. लीकेजमधून येतो, म्हणजे प्रायमरीचं जे सेकंडरीपर्यंत पोचत नाही त्यातून. माझ्या ट्रान्सफॉर्मरवर तो 62 पर्यंत जायचा आणि डायोड फुटायचे. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: डायोडवर रेझिस्टर आणि कपॅसिटरचा स्नबर टाका, काटा खाली. पण तो काटा उष्णता होऊन त्या रेझिस्टरमध्ये जळत राहतो. माझ्या मते स्नबर ही गुंडाळणाऱ्याने दिलेली कबुली आहे. मी ती द्यायला तयार नव्हतो.

म्हणून वीस वर्षं गुंडाळणी सुधारत राहिलो. 50 किलोहर्ट्झला करंट तांब्याच्या कातडीतूनच वाहतो, जेमतेम 0.3 मिमी खोल. म्हणून जाड तार सोडली आणि 0.2 मिमीची पट्टी दुहेरी घेतली. प्रायमरी बारा-बारा फेऱ्यांत तोडली आणि सेकंडरी मधे घातली. पट्टीला सुरकुती नको, कडेला दोन्हीकडे 3 मिमी मोकळी, वर पिवळ्या टेपचे तीन थर. जास्त तांबं मावावं म्हणून ही कडेची जागा खाणारे लोक आहेत. त्यांच्याशी मी या विषयावर बोलत नाही. मुलं ज्या धातूच्या डब्याला हात लावतात, तो आणि 325 व्होल्ट यांच्यामध्ये तेवढीच जागा असते. स्वस्तातला सप्लाय उघडला की फिल्टरच्या चोकच्या जागी तारेचा तुकडा जोडलेला दिसतो. कपॅसिटरची डोकी फुगलेली असतात. पूर्वी असं काही दिसलं की दुकानदार ओशाळायचा. आता तो म्हणतो, काका, गॅरंटी आहे, बदलून देतो.

आमच्याकडे सतारमेकर गल्लीत जवारी लावणारे बसतात. घोडीवरून कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. मी लहानपणी तासन्‌तास पाहत बसायचो. माझं कामही तसंच आहे, असं मी मनाशी धरलं होतं. गुंडाळा, मोजा, उलगडा, पुन्हा गुंडाळा. त्यात मला मोठेपणा वाटायचा.

हात गेल्यावर शेजारची मुलगी यायला लागली. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची बोटं बारीक आणि ठाम. मी बाजूला बसून सांगायचो, ती घालायची. सुरकुती नाही, कड सरळ. पहिल्याच दिवशी मला कौतुक वाटलं आणि पोटात काहीतरी तुटलंही.

तीन फेरे झाल्यावर ती पट्टीची टोकं कापायला निघाली. मी म्हटलं, "थांब, लांब ठेव." माझी पद्धत ठरलेली होती: टोकं सहा सेंटिमीटर लांब, त्यावर काळी स्लीव्ह, मेणाच्या दोऱ्याने समान अंतरावर गाठी, आणि मग वळण घेऊन डायोडपर्यंत. माझा सप्लाय उघडला की कारागीर आधी तेच बघायचे. ती म्हणाली, "काका, डायोड बॉबिनला चिकटूनच बसवला तर?" मी म्हटलं, "आधी लीकेज मोज, मग बोलू."

लीकेज मोजायचं म्हणजे सेकंडरी शॉर्ट करायची आणि प्रायमरीवर मीटर लावायचा. मी नेहमी बॉबिनच्या तोंडाशीच शॉर्ट करत आलो. आकडा सुंदर यायचा, चार मायक्रोहेन्रीच्या आत. तिने शॉर्ट केलं टोकाला, जिथे डायोड येणार तिथे. मीटरने सातच्या वर दाखवलं.

मी तो आकडा बराच वेळ बघत राहिलो. मग कागदावर मांडलं. मोकळ्या वाहकाचे सेंटिमीटरला साधारण 10 नॅनोहेन्री. सहा सेंटिमीटरचे साठ. ते प्रायमरीकडून बघायचे तर फेऱ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने: 24 भागिले 3 म्हणजे आठ, आठाचे चौसष्ट. पावणेचार मायक्रोहेन्री. जवळजवळ पूर्ण ट्रान्सफॉर्मरएवढं लीकेज त्या गाठी मारलेल्या, स्लीव्ह घातलेल्या शेपटीत होतं.

हे गणित मला येत नव्हतं असं नाही. कुणी विचारलं असतं तर तोंडी सांगितलं असतं. मी बॉबिनच्या तोंडाशी मोजत होतो, कारण माझी करामत तिथे संपत होती आणि आकडा माझ्या हाताची साक्ष देत होता. काटा दिसला की पुन्हा गुंडाळणी उलगडायचो, कारण दोष हातात असला तर तो हातच काढू शकतो. दोष सजावटीत असेल हा विचार मी येऊ दिला नाही. किती डायोड फोडले, किती चांगल्या गुंडाळण्या उलगडल्या, याचा हिशोब आता लावत नाही.

तिने टोकं कापली. डायोड बॉबिनला लागून उभे केले, हीटसिंक वळवून आणला. सिरीज बोर्डावरून पहिली सुरुवात केली. त्या बोर्डातला 100 वॉटचा पिवळा बल्ब मी जपून ठेवलाय, आता तसे मिळणं अवघड झालंय. बल्ब क्षणभर पेटून विझला. मग भार म्हणून गाडीचे 60 वॉटचे दहा हेडलाइट, एकेक करून. दहाही लागले तेव्हा खोलीतल्या भिंतींवरचे जुने डाग दिसायला लागले. स्कोपवर काटा 49 ला थांबला. स्नबर नव्हता. गाठीही नव्हत्या.

आता राहिलेलं सांगतो. माझ्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरमध्ये शेवटच्या टेपखाली एक चिठ्ठी असते, नाव आणि तारीख. बाहेरून दिसत नाही. त्याही दिवशी, गुंडाळणी सुरू होण्याआधी मी ती लिहून ठेवली होती, वेडीवाकडी, पण माझ्या नावाची. काम झाल्यावर तिने फेराइट सोडवून शेवटची टेप गुंडाळायला घेतली आणि हात पुढे केला. दुसरी चिठ्ठी लिहायला मला वेळ होता. मी तीच दिली. तिने वाचली, टेपखाली सरळ ठेवली, वर तीन थर दिले. मग फेराइट चिकटवून वार्निश सोडलं.

आता ती काढायची तर फेराइट फोडावं लागेल. म्हणून इथे लिहितो: आतलं नाव खरं नाही. ती गुंडाळणी तिची आहे.