उघडी बंदूक

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी एक जुनी दुनळी बंदूक विकत घेतली आणि हौसेने तिचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पुण्याच्या आत्याने लगेच लिहिलं, "शाब्बास! आजोबांचा वारसा!" चुलत भावंडांनी अंगठे दाखवले. दोघांनी मिशीला ताव देणारे फोटो पाठवले. बाबांनी फोटो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा दिसत होत्या, पण उत्तर नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "तुला काय कमी पडलं होतं रे?"

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला सॉफ्टवेअरचं काम करतो. आठवडाभर स्क्रीनसमोर बसून मान आणि डोकं दोन्ही आखडतं. ऑफिसच्या एका सहलीत आम्हाला क्ले शूटिंगला नेलं होतं. डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडी यांची बशीएवढी चकती यंत्र हवेत भिरकावतं आणि ती खाली येण्याआधी फोडायची. चकती सुमारे ११ सेंटीमीटरची. पूर्वी या खेळात जिवंत कबुतरं सोडत, म्हणून इंग्रजीत अजूनही तिला मातीचं कबूतरच म्हणतात. पहिल्या दिवशी मी पंचवीसपैकी चार फोडल्या. पण त्या तासाभरात एकदाही ऑफिसची आठवण आली नाही, आणि मी पुन्हा पुन्हा जाऊ लागलो.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "खेळ ठीक आहे. पण बंदूक घरात?"

आपण ग्वाल्हेरची माणसं. आपल्याकडे बंदूक म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. खांद्यावर बंदूक अडकवून लग्नाला जाणारे पाहुणे आपण सगळ्यांनी पाहिलेत. लष्करमधल्या आमच्या जुन्या घरात आजोबांची बारा बोअर बैठकीतल्या खुंटीवर असे. निवडणूक जाहीर झाली की आजोबा ती ठाण्यात जमा करायला निघत आणि मी सायकलच्या दांडीवर बसून सोबत जाई. परतताना पावती माझ्या खिशात. मला त्याचं केवढं अप्रूप! आजोबा २००१ मध्ये गेले. त्यानंतर बाबांनी बंदूक विकून टाकली. का विकली, हे आम्ही कधी विचारलं नाही.

ते त्या दिवशी फोनवर कळलं.

१९९४ मध्ये बाबांच्या चुलतभावाचं लग्न होतं. वरात दारात आली, नाच सुरू झाला आणि पोरांनी आजोबांकडे बंदुकीचा हट्ट धरला. आजोबांनी दोन्ही नळ्या भरून दिली. एका पोराने आभाळाकडे एक बार काढला, टाळ्या घेतल्या आणि काम झालं असं समजून बंदूक खाली केली. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला आणि दुसरी नळी उडाली. डोक्यावर गॅसबत्ती धरून चालणाऱ्या मुलाच्या हातात छर्रे गेले. बाबांनी त्याला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. हात वाचला, पण दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. आपसात मिटवामिटवी झाली. आजोबांनी पैसे दिले. पण बंदूक खुंटीवरच राहिली.

"पोरगा सतरा वर्षांचा होता," बाबा म्हणाले. "दुसरी नळी भरलेली आहे हे कोणाला बाहेरून दिसतं का?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मी त्यांना फक्त कायदा सांगितला. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने अशा हर्ष फायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बाबा म्हणाले, "बरं," आणि फोन आईकडे दिला.

इंग्लंडमध्ये बंदूक घेणं तसं महाग नाही, पण वेळ फार जातो. आधी पोलिसांकडून शॉटगन सर्टिफिकेट. मी अर्ज केला तेव्हा फी ७९ पौंड ५० पेन्स होती. फेब्रुवारी २०२५ पासून ती १९४ झाली आहे. सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं. तुमच्या डॉक्टरांकडून आजारांची, मानसिक आजारांचीसुद्धा, माहिती मागवतात. मग पोलिसांचा माणूस घरी येतो. आमच्याकडे आलेल्या बाईंनी चहा घेतला, भिंतीला बोल्टने ठोकलेलं पोलादी कपाट हलवून पाहिलं आणि बायकोसमोर बजावलं, "किल्ली फक्त तुमच्याकडे. ती कुठे असते हे यांनासुद्धा कळता कामा नये." सर्टिफिकेट नसलेल्या माणसाच्या हाती बंदूक लागू नये, असा नियम आहे. लग्नानंतर बायकोपासून अधिकृतपणे लपवलेली ही माझी पहिली गोष्ट.

माझं बजेट ३०० पौंडांचं. एवढ्यात नवी चांगली दुनळी येत नाही, जुनी येते. स्पेनच्या बास्क भागातल्या, आता बंद पडलेल्या एका कारखान्याची बंदूक मला दुकानात दिसली. एक नळी वर, एक खाली. क्लबातले वयस्कर प्रशिक्षक, पेशाने सुतार, सोबत आले होते. दस्त्यावरच्या ओरखड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आधी नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरल्या. आत गंजाचे खड्डे आहेत का, बाहेर पोचा आहे का? दोन नळ्यांमधली पट्टी टिचकी मारून ऐकली, कारण सांधा सुटला असेल तर आवाज बद्द येतो. मग प्रूफचा शिक्का पाहिला. बंदूक जादा दाबाने उडवून नळी तग धरते हे तपासल्याची ती खूण. बर्मिंगहॅमला असं प्रूफ हाउस १८१३ पासून आहे. माझ्या बंदुकीवर स्पेनमधल्या एइबारचा शिक्का होता आणि तोही ब्रिटनमध्ये चालतो. शेवटी त्यांनी पुढची लाकडी पकड काढली आणि नळ्या मिटून बंदूक हलवली. बिजागरीत खडखड असेल तर ती घ्यायची नाही. खडखड नव्हती. मग बंदूक माझ्या खांद्याला लावून म्हणाले, "बाकी सगळं दुरुस्त होतं. तुमचा हात आखूड असेल तर दस्ता कापता येतो. लांब असेल तर जोड द्यावा लागतो." मला ती बसली. किंमत २८० पौंड.

तिसऱ्याच आठवड्यात तिने दगा दिला. मी पहिली गोळी झाडली, चकती चुकली, पुन्हा ट्रिगर दाबला तर नुसती शांतता. काय झालं ते पाहायला मी बंदूक वळवणार, तोच मागून आवाज आला, "नळ्या समोर!" अर्धा मिनिट तसाच उभा राहिलो. कधी कधी काडतूस उशिरा पेटतं. मग बंदूक उघडली. दुसऱ्या काडतुसावर पिनची खूणच नव्हती.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कधी होणारा, कधी न होणारा बिघाड फार छळतो. या बंदुकीत एकच ट्रिगर दोन्ही नळ्यांना चालतो. पहिल्या बाराच्या धक्क्याने आतला छोटा ठोकळा सरकतो आणि ट्रिगर दुसऱ्या नळीला जोडला जातो. आत वर्षानुवर्षांचं तेल घट्ट झालं होतं. शिवाय मी दस्ता खांद्याला सैल धरत होतो, म्हणजे अर्धी चूक माझी. कारागिराने ४५ पौंडांत ती साफ करून दिली. पण ते अर्धं मिनिट अजून आठवतं. दुसरी नळी भरलेली, माझं लक्ष भलतीकडे आणि हात वळायला निघालेला. १९९४ चा तो पोरगा माझ्याहून काही वेगळा नव्हता.

जुलैत आई-बाबा आले. बाबांना मैदानावर चला म्हणालो तर ते नको म्हणाले. दुसऱ्या रविवारी स्वतःच बूट घालून दारात उभे. कानांवर आवाज अडवणारे हेडफोनसारखे कप चढवून ते दोरीमागच्या बाकावर बसले. मी त्या दिवशी पंचवीसपैकी सोळा फोडल्या. माझ्या हिशेबाने विक्रमच. परत आलो तर बाबांनी आकडा विचारलाच नाही. त्यांची नजर येणाऱ्याजाणाऱ्यांवर होती.

"हे सगळे बंदूक मोडून का चालतात रे?"

मी म्हणालो, मोडलेली नाही, उघडली आहे. मैदानाचा नियमच आहे. गोळी झाडायच्या जागी उभे नसाल तर बंदूक बिजागरीतून उघडून हातावर टाकायची, म्हणजे दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे दहा पावलांवरूनही दिसतं. मिटलेली बंदूक घेऊन कोणी चालला तर लहान पोरसुद्धा टोकतं.

बाबांनी माझ्या हातावरच्या बंदुकीकडे बोट केलं. "बघू."

मी पुढे धरली. त्यांनी हात लावला नाही. वाकून एका नळीतून पलीकडचं गवत पाहिलं, मग दुसरीतून. "हं," एवढंच म्हणाले.

रात्री बंदूक पुसून मी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. जेवताना बाबांनी विचारलं, "किल्ली कुठे ठेवतोस?"

"ते सांगता येत नाही, बाबा. कायदाच आहे तसा."

आई हसली. बाबांनी आमटीची वाटी पुढे ओढली. "नकोच सांगूस," ते म्हणाले. "आपली खुंटीवर असायची. सगळ्या गल्लीला ठाऊक."