भोंग्यावरची मुलं, तेव्हा आणि आता

तानसा धरणाच्या आसपास काय किंवा तिकडे मुरबाडच्या टोकावडे-धसईच्या डोंगराखाली काय, कातकरी-ठाकरांच्या वाड्यांना पंचांगातले महिने फारसे लागत नाहीत. भात झोडून झालं, दिवाळी उरकली की माणसं वीटभट्टीवर जातात. मृग तोंडावर आला की परत येतात. सत्तरच्या दशकात मी शाळेत होतो तेव्हा हे असंच होतं आणि आजही असंच आहे. बदललं ते या माणसांच्या मागून जाणारं धान्य, त्यांच्या मागून जाणारी शाळा आणि त्यांना वाटेत अडवणारी हद्द.

तेव्हाचं जाणं डोळ्यांपुढे येतं. घर म्हणजे कारवीचा कूड, वर शेणाचं सारवण. कुलूप हा प्रकार नव्हताच. दाराला करवंदीची काटेरी फांदी आडवी लावली की घर बंद. डोक्यावर पातेल्या, गोधड्या, काखेत तान्हं, टोपलीखाली दोन कोंबड्या आणि मागे कुत्रं. कुणी पायी आटगाव-खर्डी गाठायचं, कुणाला न्यायला शेठचा ट्रक यायचा. भिवंडी, पडघा, टिटवाळा, वसई. जिथला बयाणा घेतला असेल तिथे. बयाणा घेतला जायचा श्रावण-भाद्रपदात, कणगी रिकामी झाली की. कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या आजारपणासाठी, बहुतेकदा नुसत्या तांदळासाठी. पावसात उचललेले पैसे फेडायला उन्हाळाभर नवरा-बायकोची जोडी रात्री दोनला उठून माती तुडवायची आणि विटा थापायची. आठवड्याला मिळायची ती खर्ची. हिशेब शेवटी, आणि तो शेठच्या वहीत.

त्याही आधीच्या पिढ्या गवत कापायला जायच्या. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींसाठी आमच्या तालुक्यांतून गवत जायचं. १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर पाड्यांवर फिरले, तेव्हा भांडण होतं ते या गवताच्या मजुरीचं आणि वेठबिगारीचं. म्हणजे शहराला जे लागेल ते पुरवायला इथली माणसं घर सोडतात, ही रीत जुनीच. आधी म्हशींना गवत लागलं, मग इमारतींना वीट. पाण्याचं तर विचारूच नका. तानसा धरण १८९२चं. तेव्हापासून इथलं पाणी जलवाहिनीतून मुंबईला जातं, आणि धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण शहापुरात चैत्र-वैशाखात रोज कुणी ना कुणी वापरतं.

शाळेतल्या आठवणींत सगळ्यांत ठळक आहे तो सुकडीचा वास. गव्हाचं पीठ, डाळीचं पीठ, गूळ. कोरडं, घशात अडकणारं, तरीही दुपारपर्यंत डोक्यातून न जाणारं. परदेशी मदतीच्या पोत्यांवर आणि तेलाच्या डब्यांवर हस्तांदोलन करणारे दोन हात छापलेले असत. त्यातला एक हात आपला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दुष्काळात रेशनवर मिलो आली, अमेरिकेची तांबडी ज्वारी. भात, नाचणी, वरई खाणाऱ्या आमच्या बायकांना तिची भाकरी धड थापता येईना. म्हाताऱ्या म्हणायच्या, "ही गुरांची हाय, आमाला दिलीय." तेव्हा आम्ही हसायचो. आता ते वाक्य अंगावर येतं.

कारण त्या पोत्यांची किंमत होतीच. पीएल-४८० हा अमेरिकेचा १९५४चा कायदा. त्याखाली भारताला गहू मिळाला आणि त्याबरोबर कान पिळणंही. १९६५-६६मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन साहेबांनी धान्याची जहाजं मोजून-मापून सोडायचं धोरण धरलं. त्याच सुमारास शास्त्रीजींनी सोमवारी रात्री एक वेळ जेवू नका असं सांगितलं, आणि आमच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटेनाशी झाली. वाडीवरच्या घरांना हे आवाहन करायची गरजच नव्हती, तिथे सोमवार आठवड्यात तीन-चार वेळा यायचा. डिसेंबर १९७१मध्ये, बांगलादेशाच्या युद्धात, निक्सन सरकारने मदत सरळ रोखली. तेव्हा २०२५मध्ये अमेरिकेने मदत तोडली ही काही नवी गोष्ट नाही, हे आमच्या पिढीला कुणी शिकवायला नको.

तरीही त्या पोत्यातल्या सुकडीत एक गोष्ट होती. ती वाढताना कुणी कागद मागत नव्हतं. मास्तर पळसाच्या पानावर एक मूठ ठेवायचे. मामाकडे आलेलं दुसऱ्या गावचं पोरगंही रांगेत बसायचं आणि खायचं. पोती वाटेत फुटायची, निम्मी बाजारात जायची, हेही खरंच. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. आणि भट्टीवर गेलेल्या मुलांपर्यंत ती सुकडीसुद्धा पोचत नव्हती. दिवाळीनंतर हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे मास्तर आडवी रेघ मारायचे, जूनपर्यंतची. विषय संपला.

ती रेघ पुसायचा पहिला खटाटोप मी पाहिला तो नव्वदच्या दशकात. विवेक आणि विद्युल्लता पंडितांची श्रमजीवी संघटना १९८२पासून ठाणे जिल्ह्यात वेठबिगार सोडवत होती. पुढे, १९९९मध्ये, या दोघांना लंडनच्या संस्थेचा गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला. त्यांच्याच 'विधायक संसद' या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून केलेलं मजुराचं खोपटं. त्यात माणूस उभा राहत नाही, वाकून शिरतो. शाळा त्या भोंग्यांच्या शेजारीच, तशाच विटांची, वर झावळ्या किंवा प्लॅस्टिक. शिकवणारा वाडीवरचाच दहावी-बारावी शिकलेला मुलगा, मुलांची बोली जाणणारा. पोरं अंगाला माती फासलेली, कडेवर धाकटं भावंड घेऊन बसलेली. पाढे म्हणताना मधेच आईची हाक आली की एखादी उठून विटा उलटवायला पळायची आणि परत यायची. असली शाळा मला सरकारी शाळेपेक्षा खरी वाटली. कारण मूल कुठे आहे ते बघून ती तिथे गेली होती.

त्या काळात परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थाही खोऱ्यात दिसू लागल्या. लोक त्यांना सरसकट 'प्रोजेक्टवाले' म्हणायचे. पांढरी जीप, दारावर बोधचिन्ह, गळ्यात कॅमेरा. काहींना वाडीतल्या माणसांपेक्षा अहवालातल्या फोटोंची जास्त काळजी, हे आम्ही पाहिलं आहे आणि त्याची टिंगलही केली आहे. पण सगळे तसले नव्हते. गणेशपुरीला मुक्तानंदांच्या आश्रमामुळे परदेशी माणसांची ये-जा जुनी. त्यातून उभ्या राहिलेल्या 'प्रसाद चिकित्सा'ने तानसा खोऱ्यात डोळ्यांची शिबिरं केली, बालकांच्या पोषणाचं काम केलं. आजीचा मोतीबिंदू निघाला आणि तिला नातवाचं तोंड दिसलं, तर पैसा डॉलरचा होता की रुपयाचा, हे ती विचारत नाही.

परदेशी पैसा विचारून घ्यावा हे सरकारला १९७६मध्ये, आणीबाणीत, सुचलं. तो परदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा. दुसरा २०१०चा. खरी मेख बसली सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीत. परदेशातून आलेली देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही. प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांऐवजी २० टक्क्यांच्या आत. आणि पैसा उतरवायचा तो नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. हिशेब मागण्याला माझा विरोध नाही. पांढऱ्या जीपांचा हिशेब कुणीतरी मागायलाच हवा होता. पण मोठी संस्था मुंबई-दिल्लीत असते आणि भट्टीवर जाणारा माणूस छोट्या संस्थेचा असतो. मोठीकडून छोटीकडे जाणारा पाट बुजवला की पाणी कुणाच्या शेतात जायचं थांबतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मग वॉशिंग्टनमध्ये जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी परदेशी मदत थांबवली, मार्चमध्ये युसेड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि १ जुलैला ती संस्थाच गुंडाळली गेली. त्याच्या बातम्या आपण सुदान-अफगाणिस्तानच्या म्हणून वाचल्या. युसेडचा फलक तानसा खोऱ्यात मी कधी पाहिलेला नाही. आमचा पाट आधीच, आणि घरच्या माणसांनी, बुजवला होता.

भोंगाशाळाही मागे पडल्या, त्या मात्र पैशामुळे नव्हे तर एका चांगल्या कायद्यामुळे. १ एप्रिल २०१०पासून शिक्षणहक्क लागू झाला. प्रत्येक मूल रीतसर शाळेत बसलं पाहिजे, झावळ्यांखाली नव्हे, असं ठरलं. कागदावर बिनतोड. प्रत्यक्षात भट्टीपासून शाळा दोन-तीन किलोमीटर, मधे ट्रकांचा रस्ता, आणि शिक्षकाला मूल मार्चपर्यंत टिकेल याची खात्री नाही. हंगामी वसतिगृहं आली, शिक्षण हमी कार्ड आलं. कार्ड घेऊन जायचं ते आईबापांनी. आणि पुष्कळदा ते गावच्या घरात, पत्र्याच्या पेटीत राहतं.

हद्दीचं सांगतो. पूर्वी वाडा, मोखाडा, शहापूर, भिवंडी हा सगळा एकच ठाणे जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. मोखाड्याचा माणूस त्याच भट्टीवर जातो, पण आता तो परजिल्ह्यातला. हे फार कुणाला खुपलं नाही, २०२०पर्यंत. त्या वर्षी २३ मार्चला करोनामुळे जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही आपल्याच राज्यात सरहद्द पाहिली. शहापुरावरून कसाऱ्याकडे मुंबई-नाशिक महामार्गावर माणसांची रांग लागलेली, उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशाकडे चाललेली, सायकलवर, टेम्पोत, पायी. गावागावांतून लोकांनी त्यांना भात-पिठलं वाढलं. आमचे कातकरी त्या रांगेत नव्हते. ते भट्टीवरच अडकले होते. विटा विकल्या जात नव्हत्या, खर्ची थांबली होती, रेशनकार्ड गावात होतं आणि गाव दोन तासांच्या वाटेवर. ई-पास काढायला ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्याने काय काढायचं?

पुढे सीमा उघडल्या, पण आधार आणि अंगठ्याची हद्द राहिली. धान्य आज परदेशाचं नाही, आपलं आहे, आणि हक्काचं आहे. ही प्रगती मी कमी लेखत नाही. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो मिळतं, २०२०पासून महाराष्ट्र 'एक देश, एक रेशनकार्ड'मध्ये आहे, भिवंडीच्या दुकानातही माल मिळायला हवा. मिळतोही, अंगठा उमटला तर. हंगामभर माती आणि विटा हाताळणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर रेघा राहत नाहीत. दुकानात एकीला पाहिलं. तिने अंगठा लावला, यंत्राने नाही म्हटलं. पदराला पुसला, पुन्हा नाही. दुकानदाराने तेलाचा थेंब दिला, तरी नाही. मग तिने दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून लावून पाहिली. मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "मावशे, उद्या ये." उद्या म्हणजे आणखी एका दिवसाचा खाडा.

लहान मुलांचं त्याहून अवघड. १ जुलै २०२५पासून अंगणवाडीचा घरी न्यायचा आहार घेताना लाभार्थीचा चेहरा मोबाइलने ओळखावा लागतो. आई भट्टीवर, नाव गावच्या, आघईच्या अंगणवाडीत, सेविका टेकडीवर चढून रेंज शोधतेय. पळसाच्या पानावरच्या मुठीभर सुकडीला हे काही लागत नव्हतं. महिला व बालविकास विभागाने २०२२मध्ये स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकप्रणाली सगळ्या जिल्ह्यांत न्यायचं ठरवलं. कल्पना योग्य आहे. पण माग मुलाचा ठेवायचा तर भट्टीवर जाणारी दोन पावलं लागतात, आणि सेविकेकडे तिचंच गाव आवरत नाही.

घरं मात्र बदलली. नोव्हेंबर २०२३मध्ये आदिम जमातींसाठी पीएम-जनमन आली, कातकरी त्यात आहेत. कुडाच्या जागी पक्कं घरकुल उभं राहतं, त्याच भट्ट्यांवरून आलेल्या विटांचं. दिवाळीनंतर त्याला कुलूप लागतं. घर पक्कं झालं, पोट अजून भट्टीवरच. आणि गरिबी किती खोल जाते हे बघायचं तर कसारा घाटाच्या वरच, इगतपुरीच्या उभाड्यात, २०२२मध्ये काय उघडकीला आलं ते आठवा: कातकरी मुलं थोड्या पैशांवर आणि मेंढरांवर मेंढपाळांकडे ठेवलेली, त्यातली एक मुलगी मेलेली.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशी कल्याण-डोंबिवलीतली माझ्या ओळखीची घरंही अलीकडे फार अस्वस्थ आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. मुलगा परत आला तर पुन्हा जाता येईल का, सून-नातवाचं काय, ही चिंता. चिंता खोटी नाही. कागद एका जागी आणि पोट दुसऱ्या जागी असलं की कसं वाटतं, ते आता त्यांनाही कळतंय. ज्या इमारतीत बसून ते ही चिंता करतात, तिच्या विटा पडघ्याच्या नाहीतर टिटवाळ्याच्या.

मला जुनी पोती परत नकोत. मिलो तर नकोच. मला भोंग्यापर्यंत चालत जाणारा तो दहावी पास मुलगा परत हवा आहे, आणि त्याचा पगार कुणाच्या डॉलरवर अवलंबून नसावा. तोवर एवढं तरी करता येईल. तुमच्या जवळपास भट्टी असेल आणि तिथे सहा वर्षांखालची मुलं दिसली, तर त्या गावच्या अंगणवाडीत जाऊन सांगा. स्थलांतरित मुलाचं नाव, ते कुठल्याही गावचं असलं तरी, तिथे नोंदवता येतं. मोठं मूल विटा उचलताना दिसलं तर १०९८ला फोन करा; तो क्रमांक रात्रीही लागतो. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, तेव्हा कार्तिकातच जा. मे महिन्यात गेलात तर माणसं परतीच्या वाटेवर असतील.