टाके काढल्यानंतर

कातडीला घाई नसते. हाताचे टाके सात ते दहा दिवसांत निघतात, सांध्यावरचे चौदापर्यंत राहतात. सिस्टर कापसाचा बोळा फिरवून ‘झालं हं’ म्हणतात आणि आपणही झालं असं समजतो. आतलं काम मात्र पुढे वर्षभर चालू असतं. व्रण आधी लाल, मग जांभळट, मग हळूहळू फिकट. एवढं होऊनही त्या जागेला पहिली ताकद पूर्ण येत नाही. फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत. मज्जातंतू दुखावला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकाला पोचायला त्याला महिनेच्या महिने लागतात.

हे मला कळलं ते भाचीबरोबर फिजिओथेरपीला बसून. तिने स्वतःलाच इजा करून घेतली होती. कशी, कशामुळे, ते तिचं आहे, इथे नको. फिजिओथेरपीच्या ताई तिचा हात उताणा धरून बोटाने टकटक करत पुढे सरकायच्या. जिथे ठोकल्यावर बोटांत झिणझिण्या यायच्या, तिथवर तंतू पोचला. दर खेपेला ती जागा थोडी पुढे गेलेली असायची. भाची टक लावून बघायची. कशाकडे तरी तिने असं बघावं म्हणून आम्ही तेव्हा काय वाटेल ते दिलं असतं.

हाताची सगळी व्यवस्था होती. धनुर्वाताचं इंजेक्शन, जंतू होऊ नयेत म्हणून गोळ्या, व्रणासाठी सिलिकॉनचं जेल, ऊन लागू द्यायचं नाही, बोटांचे व्यायाम अमुक वेळा. प्रत्येक गोष्टीपुढे तारीख. त्याच कागदाच्या तळाशी एक ओळ होती, ‘मानसोपचार ओपीडीला दाखवणे’. तिच्यापुढे तारीख नव्हती. ती ओपीडी दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वारी, दुसऱ्या केसपेपरवर. या दोन इमारतींच्या मधल्या अंगणात किती माणसं हरवत असतील, कोण जाणे.

काही तर तिथवरही पोचत नाहीत, कारण पहिल्याच खिडकीवर घरचे सांगतात, ‘काच लागली.’ मला त्यांचा राग येत नाही. केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, शिक्का, मग हवालदार, मग जबाब, मग गावभर चर्चा, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा सांगणारं जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच घटनाबाह्य ठरवलं होतं, तेही मुंबईच्याच एका पोलीस शिपायाच्या खटल्यात. अपघातानंतर त्याचं मानसिक स्वास्थ्य हरवलं होतं. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र उलटं गृहीत धरलं: असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायचं, आणि त्याच्यावर उपचार करण्याची, असं पुन्हा होऊ नये हे पाहण्याची जबाबदारी सरकारची. ‘काच लागली’ म्हटलं की हा सगळा कायदा खिडकीबाहेरच राहतो. डॉक्टर काचेच्या जखमेवर टाके घालतात आणि घरी पाठवतात.

स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकाला मरायचंच असतं असं नाही. कित्येकांना फक्त आतला कल्लोळ थांबवायचा असतो. म्हणून ‘मरायचं नव्हतं ना, मग झालं’ असं म्हणून सोडून देणं जितकं चूक, तितकंच घरात सतत पहारा बसवणंही. पुन्हा तसंच होण्याची शक्यता नंतरच्या दिवसांत अधिक असते, हे खरं. पण त्यावर उपाय म्हणून जे कामी येतं ते फार साधं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ पासून एक प्रयोग केला. रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या ८४३ जणांपैकी काहींना पाच वर्षं छोटी पत्रं जात राहिली. कसे आहात, एवढंच. काही मागणं नाही, उपदेश नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अशाच एका अभ्यासात चेन्नईही होतं. आधी तासभराचं बोलणं, मग अठरा महिन्यांत नऊदा फोन किंवा भेट. तिथेही मृत्यू कमी झाले.

नऊदा! आपण लग्नाच्या आमंत्रणाला यापेक्षा जास्त फोन करतो.

बहिणीकडे आता फ्रिजवर कागद आहे. भाचीने समुपदेशक बाईंबरोबर बसून स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. मन बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, तेव्हा काय केलं की बरं वाटतं, कोणाला फोन करायचा. माझं नाव तिसरं आहे, पहिलं तिच्या मैत्रिणीचं. घरातल्या गोळ्या कुलपात गेल्या, त्यावर कोणी चर्चा केली नाही. समारंभात कुणीतरी ‘हाताला काय झालं गं?’ विचारतंच. ती ‘दुखापत’ म्हणते आणि ताटातली पुरी उचलते. यापलीकडे कोणाला काही सांगायला ती बांधील नाही.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर खिडकीवर खरं सांगा, आणि मानसोपचाराची तारीख कागदावर लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तारीख लांबची मिळाली, रात्र अवघड गेली, तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.