दासीलाही विसावा

रविवार हा प्रभूचा दिवस आणि विसाव्याचा दिवस, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात बालपणीच शिकतो. परंतु शिरूर आणि दौंड तालुक्यांत संसार करणाऱ्या आम्हा कुटुंबांना हा धडा आचरणात आणणे कधीच सोपे गेलेले नाही. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. मुंबई-सोलापूर लोहमार्गाला १८७८ साली येथे मनमाडचा फाटा जोडला गेला. इंजिनचालक असो वा पॉइंट्समन, त्याची साप्ताहिक विश्रांती रविवारीच पडेल, याची शाश्वती नसते. शिरूरकडे, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या चालतात. वडिलांची सुटी मंगळवारी, तर मुलाची गुरुवारी. आणि घोड-भीमेच्या काठी साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की उसाच्या फडात आज वार कोणता, हे कोणी विचारीत नाही.

मग तिसरी आज्ञा पाळावी तरी कशी? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही निर्गम आणि अनुवाद या ग्रंथांतील ती आज्ञा पुन्हा मुळातून वाचली, तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. ही आज्ञा घरधन्याला उद्देशून आहे. त्याने विसावा घ्यावा, एवढेच सांगून ती थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परका माणूस, अशी यादीच ती देते. अनुवादाचा ग्रंथ तर कारणही सांगतो : तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, याचे स्मरण ठेवा. ज्यांना फारोने कधी विसावा दिला नाही, त्यांनी कोणाचे फारो होऊ नये, हा या आज्ञेचा गाभा होय.

हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पोळ्याच्या दिवशी तो बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही. त्या दिवशी स्वतः झोपून राहिला आणि बैल मात्र दुसऱ्याच्या औताला दिला, तर त्याला पोळा कोण म्हणेल?

महाराष्ट्रातील कामगारांची रविवारची सुटी कशी आली, हेही आपण स्मरावे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. ती मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे लढा दिला. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक होते. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच सुटीचा असावा, असे त्यांचे म्हणणे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयीचे आपले परिपत्रक काढले आणि त्यात रविवारच्या विसाव्याचा आग्रह धरला. जेजुरीच्या खंडोबाचा वार आणि आपल्या प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार अशा रीतीने श्रमिकाच्या दारात एकत्र आले. त्यात आम्हाला परमेश्वराची योजना दिसते.

परंतु तो विसावा अद्याप सर्वांच्या दारी पोहोचलेला नाही. बीड, अहिल्यानगर भागातून ऊसतोडीसाठी जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आगाऊ उचल घेतलेली असते आणि खाडा पडला तर पैसे कापले जातात. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. आपण रविवारी दुपारी चहात जी साखर घालतो, तिच्यामागे असे श्रम असतात.

आणि दूर फडाकडे कशाला पाहावे? मिस्सा आटोपून आपण घरी येतो आणि मटणाच्या रश्श्याची वाट पाहत बसतो. त्या वेळी चुलीपुढे कोण उभे असते? ताटे कोण घासते? धुणीभांडी करणाऱ्या मावशींना आपण भरपगारी रविवार देतो काय?

ज्यांना कर्तव्यापोटी रविवारी कामावर जावे लागते, त्यांना ख्रिस्तसभा दोष देत नाही. शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पार पडते. परंतु ज्यांना सवड आहे, त्यांनी दारिद्र्यामुळे विसावा न मिळणाऱ्या बांधवांची आठवण ठेवावी, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ बजावतो.

लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षे कमरेत वाकलेली एक स्त्री भेटते. प्रभू येशूने तिला शब्बाथाच्या दिवशीच बरे केले, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी रागावला. शब्बाथ दिवशीही तुम्ही बैलाला पाणी पाजण्यासाठी गव्हाणीपासून सोडताच ना, असे प्रभूने विचारले. मग अब्राहामाच्या या कन्येला तिच्या बंधनातून सोडवू नये काय? उसाच्या फडात आणि आपल्या स्वयंपाकघरातही वाकलेल्या कन्या आहेत. त्यांची पाठ सरळ होईल एवढी उसंत त्यांना देणे, ही रविवारची उपासनाच आहे. आणि तिचा प्रारंभ येत्या रविवारी, जेवण झाल्यावर स्वतःचे ताट स्वतः उचलण्यापासून करता येईल.