शेजारचं लेणं

जुन्नरहून कुकडी ओलांडून सायकलनं लेण्याद्री जेमतेम पाच किलोमीटर. दोन्हीकडे द्राक्षबागा. लहानपणी कल्याणहून अष्टविनायकाला यायचो तेव्हा हे काहीच दिसलं नव्हतं. बाबांची घाई असायची: पायऱ्या, दर्शन, परत गाडी.

सातव्या लेण्यात गिरिजात्मज, म्हणजे मुळातल्या बौद्ध विहारात गणपती. यंदा दर्शन झाल्यावर शेजारच्या सहाव्या लेण्यात शिरलो. खांबांच्या रांगा, मागे स्तूप, गारवा. इथला शिलालेख सांगतो, की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं दान दिलं.

म्हणजे आमच्याच गावचा! नाणेघाट चढून आला असेल का?

बाबांना सांगायला फोन काढला. नंबर अजून सेव्ह आहे. उचलणारं कुणी नाही, हे मग आठवलं.

तिथंच बसलो. आज घाई नव्हती.